घरगुती वाय-फाय आणि पत्त्यांचा कारभार

पालघर, बोईसर आणि तारापूर या टापूत घराघरांत वाय-फाय येऊन फार वर्षे लोटलेली नाहीत. तथापि २०२० सालच्या टाळेबंदीत शाळा आणि कचेरी ही दोन्ही घरात शिरली तेव्हापासून ही सोय चैनीच्या सदरातून निघून वीज आणि पाणी यांच्या पंक्तीस जाऊन बसली, आणि तिच्यासोबत एक तक्रारही घरोघर नांदू लागली. ‘वाय-फाय जोडलेले दिसते, पण नेट चालत नाही’ ही ती तक्रार. ती करणारा गृहस्थ बहुधा असे धरून चालतो की दोष बाहेरच्या तारेत आहे. तो केबलवाल्यास फोन करतो आणि फोन लागेपर्यंत राउटरचे बटण बंद-चालू करतो. त्याने कधी गुण येतो, कधी येत नाही, आणि दोन्ही प्रसंगी मूळ कारण अज्ञातच राहते. प्रस्तुत लेखकाचे मत असे आहे की या तक्रारींतील पुष्कळ तक्रारी घरातल्या घरात, म्हणजे उपकरणांना आयपी पत्ता नेमून देण्याच्या व्यवस्थेत, उद्भवतात. आणि उपकरणास मिळालेला पत्ता गृहस्थाला नुसता वाचता आला, तरी दोष उंबरठ्याच्या आत की बाहेर याचा निवाडा बटणास हात न लावता करता येतो.

या प्रश्नाचा विचार करण्यास हा प्रदेश विशेष सोयीचा आहे, कारण येथे घरांचे प्रकार परस्परांहून फार भिन्न आहेत आणि घराच्या बांधणीप्रमाणे व वहिवाटीप्रमाणे दोषाचे रूप पालटते. तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या पहिल्या दोन संचांनी २८ ऑक्टोबर १९६९ पासून व्यापारी तत्त्वावर वीज पुरविण्यास आरंभ केला आणि केंद्राच्या नोकरवर्गासाठी बोईसरला वसाहत वसली; औद्योगिक विकास महामंडळाचे तारापूर क्षेत्र विस्तारले तशा बाहेरगावच्या कामगारांसाठी भाड्याच्या खोल्यांच्या रांगा उभ्या राहिल्या; एप्रिल २०१३ मध्ये उपनगरी गाडी डहाणू रोडपर्यंत धावू लागली आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यापासून वेगळा होऊन पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हा पालघर शहरात सदनिकांचे मजल्यावर मजले चढले; आणि किनाऱ्यालगत केळवे, माहीम, सातपाटी, चिंचणी या गावांत जाड भिंतींची जुनी घरे अद्याप उभी आहेत. वसाहतीतील दोन खोल्या, कामगारांची चाळ, सातव्या मजल्यावरील सदनिका आणि वाडीतले प्रशस्त घर या चारही ठिकाणी राउटर एकाच बनावटीचा असला, तरी त्याच्यापुढे येणारे तंटे चार तऱ्हेचे असतात.

आयपी पत्त्याची सध्या रूढ असलेली आवृत्ती सप्टेंबर १९८१ मध्ये निश्चित झाली. तिच्यात पत्ता बत्तीस द्विमान अंकांचा असल्यामुळे एकूण पत्ते ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ इतकेच होतात, आणि त्या काळी ही संख्या अक्षय्य वाटली असली तरी पंधरा वर्षांच्या आतच ती अपुरी पडणार हे जाणत्यांस कळून चुकले. म्हणून फेब्रुवारी १९९६ मध्ये काही पत्त्यांची क्षेत्रे खाजगी वापरासाठी राखून ठेवण्याचा नियम झाला. १० ने आरंभ होणारे सर्व पत्ते, १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतचे पत्ते आणि १९२.१६८ ने आरंभ होणारे पत्ते ही ती तीन क्षेत्रे होत. आपल्या घरातील फोनला मिळणारा १९२.१६८.१.५ हा पत्ता याच राखीव क्षेत्रातला असतो. नेमका तोच पत्ता त्याच घटकेस चिंचणीच्या एखाद्या घरातील दूरदर्शन संचाला आणि पालघरच्या एखाद्या दुकानातील छपाई यंत्राला असू शकतो, आणि त्यात यत्किंचितही बाध नाही, कारण तो पत्ता उंबरठ्याबाहेर पडतच नाही. बाहेर जाताना राउटर त्याच्या जागी स्वतःचा बाहेरचा पत्ता लिहितो आणि परत आलेले उत्तर ज्याचे त्यास पोहोचवितो.

घरातील पत्ता वाटण्याचे काम ज्या रीतीने चालते तिला डीएचसीपी म्हणतात. तिचा पहिला मसुदा ऑक्टोबर १९९३ मध्ये आणि आज प्रचारात असलेला मार्च १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही अमेरिकेतील बकनेल विद्यापीठाचे राल्फ ड्रोम्स यांनी सिद्ध केले. नवे उपकरण जाळ्यात शिरले की ते प्रथम सर्वांना उद्देशून पुकारा करते की पत्ता देणारा कोणी आहे काय. राउटर त्यास एका पत्त्याचा देकार देतो. उपकरण त्या पत्त्याची रीतसर मागणी करते. आणि राउटर मंजुरी देऊन पत्त्याबरोबर बाहेर पडण्याच्या दरवाजाचा, म्हणजे गेटवेचा, पत्ता व नावांवरून क्रमांक शोधून देणाऱ्या डीएनएस सेवेचा पत्ताही सांगतो. हा पत्ता कायमचा मिळत नाही. त्याची मुदत असते; घरगुती राउटरांत ती बहुधा दोन तासांपासून चोवीस तासांपर्यंत असते; निम्मी मुदत सरली की उपकरण नूतनीकरण मागते, ते न मिळाल्यास सात अष्टमांश मुदतीच्या सुमारास जो कोणी देईल त्याच्याकडे मागते, आणि तेही न साधल्यास मुदतीअखेर पत्ता सोडून देते. जमिनीच्या मुदतीच्या पट्ट्याची जी व्यवस्था, तीच ही होय: पट्टा देणारे दफ्तर एकच असेल, वाटण्याजोगी जमीन शिल्लक असेल आणि दफ्तराची नोंदवही शाबूत असेल, तोवर तंटा उद्भवत नाही, या तिहींपैकी एका अटीचा भंग झाला की उद्भवतो. पुढील बहुतेक विवेचन या तीन अटींच्या भंगाचेच आहे.

प्रथम पत्ता वाचावा. फोनमध्ये वाय-फायच्या मांडणीत जोडलेल्या जाळ्याच्या नावावर बोट ठेवले असता तपशिलात तो आढळतो. विंडोजच्या संगणकावर कमांडच्या काळ्या खिडकीत ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा ‘ऑल’ या पुस्तीसह दिली असता पत्ता, गेटवे, पत्ता देणाऱ्या सर्व्हरचा क्रमांक आणि मुदत संपण्याची वेळ एवढे सर्व एका ठिकाणी दिसते. तेथे १६९.२५४ ने आरंभ होणारा पत्ता दिसला, तर तो कोणीही दिलेला नाही. दफ्तराकडून उत्तर न आल्यामुळे उपकरणाने तो स्वतःच घेतला, आणि अशा पत्त्यावर शेजारच्या उपकरणाशी बोलता येते, बाहेर जाता येत नाही. विंडोज ९८ पासून ही रीत संगणकांत आली आणि २००५ साली तिला प्रमाणरूप मिळाले. अँड्रॉइड फोन मात्र बहुधा असा पत्ता घेत नाहीत, ते पत्ता मिळवीत असल्याचे सांगत राहतात आणि अखेरीस जोडणी सोडून देतात. १९२.१६८ ने आरंभ होणारा पत्ता आहे, पण तिसरा आकडा नेहमीचा नाही, म्हणजे काल १ होता आणि आज ० किंवा ३१ आहे, तर पत्ता देणारे दफ्तर दुसरेच कोणी आहे. पत्ता नेहमीच्या मालिकेतला आहे, गेटवेही नेहमीचाच आहे, ब्राउझरमध्ये राउटरच्या मांडणीचे पान त्या क्रमांकावर उघडतेही, पण पुढे काही चालत नाही, तर घरातील कारभार बव्हंशी ठीक असून शोध उंबरठ्याबाहेर घ्यावयाचा आहे. एवढ्या वाचनास दोन मिनिटेही लागत नाहीत, आणि ते राउटर बंद करण्यापूर्वीच केले पाहिजे. कारण बटण दाबताच हा सारा पुरावा पुसला जातो.

सर्वांत चकविणारा आणि म्हणूनच सविस्तर पाहण्याजोगा दोष म्हणजे एका घरात दोन दफ्तरे असणे. तो येतो तो अगदी सद्हेतूने. पुरवठादाराने बसविलेली फायबरची पेटी, जिला येथे कोणी मोडेम तर कोणी ओएनटी म्हणतात, ती हल्ली स्वतःच राउटरही असते, वाय-फायही सोडते आणि पत्तेही वाटते. परंतु दुमजली घरात किंवा वाडीतील लांबट घरात तिचा संकेत मागील पडवीपर्यंत पोहोचत नाही, म्हणून घरमालक बाजारातून दुसरा राउटर आणतो, पहिल्या पेटीतून एक तार ओढतो आणि ती दुसऱ्यात खोचतो. येथे तार कोणत्या छिद्रात खोचली यावर पुढचे सारे अवलंबून आहे. ती दुसऱ्या राउटरच्या वॅन या, म्हणजे बाहेरच्या जोडणीच्या, वेगळ्या रंगाच्या छिद्रात गेली, तर दुसरा राउटर आपले स्वतंत्र जाळे मांडतो. नेट चालते, पण पुढील खोलीतील छपाई यंत्र मागील खोलीतील संगणकाला सापडत नाही, कारण दोघे दोन वेगळ्या जाळ्यांत राहतात. आणि दोन्ही पेट्यांनी आत १९२.१६८.१ हीच मालिका धरली असेल, तर दुसऱ्या राउटरला आतले आणि बाहेरचे यांत भेदच करता येत नाही. काही राउटर ही अडचण ओळखून आपली मालिका आपण होऊन बदलतात, काही तसेच मुके होतात.

तीच तार दुसऱ्या राउटरच्या लॅनच्या, म्हणजे घरातल्या जाळ्याच्या, छिद्रात खोचली आणि त्याची पत्ते वाटण्याची सोय चालूच राहू दिली, तर मात्र प्रकरण फार गुंतागुंतीचे होते. आता एकाच जाळ्यात दोन दफ्तरे बसली आहेत. नव्या उपकरणाचा पुकारा दोघांनाही ऐकू जातो, दोघेही देकार देतात, आणि उपकरण बहुधा जो प्रथम पोहोचेल तो स्वीकारते. पहिल्या पेटीचा देकार स्वीकारणाऱ्याचे नेट सुरळीत चालते. दुसऱ्या राउटरचा स्वीकारणाऱ्याला गेटवे म्हणून त्या राउटरचाच पत्ता मिळतो, आणि त्याच्या वॅनला काहीच जोडलेले नसल्याने तो दरवाजा भिंतीतच उघडतो. म्हणूनच एका खोलीत, एका वाय-फायवर, आईचा फोन चालतो आणि मुलाचा चालत नाही, राउटर बंद-चालू केल्यावर दोघांचे दैव कधी अदलाबदल होते, आणि केबलवाला येऊन आपला फोन जोडून पाहतो तेव्हा सर्व ठीक दिसते. अशा प्रसंगी दोन्ही फोनचे गेटवे शेजारी शेजारी ठेवून वाचावेत. ते भिन्न असतील तर निदान झाले. उपायही कठीण नाही. दुसऱ्या राउटरच्या पानावर ‘ॲक्सेस पॉइंट’ अशी पद्धत असल्यास ती निवडावी. नसल्यास प्रथम त्याचा स्वतःचा पत्ता पहिल्या पेटीच्या मालिकेतला पण वाटपाच्या संचाबाहेरचा, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२, असा करून घ्यावा, त्यानंतर त्याची डीएचसीपी बंद करावी, आणि सर्वांत शेवटी तार लॅनच्या छिद्रात खोचावी. क्रम उलटा केला तर त्या राउटरचे पान पुन्हा उघडण्यासाठी संगणकाला हाताने पत्ता द्यावा लागतो, आणि पुष्कळ माणसे तेथेच धीर सोडतात.

या दोषाचा एक सार्वजनिक अवतारही आहे. जेथे इमारतीत एका सामाईक स्विचमधून सदनिकांना तांब्याच्या तारेने जोडणी दिलेली असते, तेथे एखाद्या भाडेकरूने बाहेरून आलेली तार चुकून आपल्या राउटरच्या लॅनमध्ये खोचली, तर त्याचा राउटर साऱ्या मजल्याला पत्ते वाटू लागतो आणि शेजाऱ्यांची जोडणी बिघडते. यावर स्विचमध्येच बंदोबस्त असतो. ग्राहकाच्या बाजूने येणारा पत्त्याचा देकार अडविण्याची सोय चांगल्या प्रतीच्या स्विचमध्ये असते, आणि ती चालू ठेवणे ही पुरवठादाराची जबाबदारी आहे. चूक करणाऱ्या भाडेकरूस दोष देऊन ती टळत नाही.

दुसरी अट वाटण्याजोगी जमीन शिल्लक असण्याची. तिचा भंग चाळीत आणि भाड्याच्या खोल्यांत होतो, जेथे दहाबारा खोल्यांनी मिळून एक जोडणी घेतलेली असते. घरगुती राउटर ज्या मालिकेत काम करतो तीत उपकरणांसाठी जास्तीत जास्त २५४ पत्ते असतात. पण वाटपाचा संच पुष्कळदा त्याहून लहान ठेवलेला असतो, कित्येक राउटरांत तो १०० पासून १९९ पर्यंतचा, म्हणजे शंभर पत्त्यांचा असतो, आणि सिमकार्डावर चालणाऱ्या लहान राउटरांत तर याहूनही तुटपुंजा असतो. शंभर पत्ते पुष्कळ वाटतात; परंतु मुदत चोवीस तासांची असेल तर पहिल्या पाळीला गेलेल्या कामगाराचा पत्ता तो कारखान्यात असतानाही त्याच्याच नावे राहतो, तासाभरासाठी आलेल्या पाहुण्याचा पत्ता दुसऱ्या दिवसापर्यंत अडकून पडतो, आणि तिन्ही पाळ्यांची माणसे एकाच छपराखाली येत-जात असल्यामुळे प्रत्यक्ष हजर उपकरणे थोडी असूनही नोंदवही भरलेली राहते. त्यात आणखी एक भर अलीकडे पडली. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून आणि २०२० च्या आयओएस १४ पासून फोन आपला कारखान्यात ठरलेला अठ्ठेचाळीस द्विमान अंकांचा हार्डवेअर क्रमांक, म्हणजे मॅक, जाळ्याला न सांगता प्रत्येक जाळ्यापुरता एक कल्पित क्रमांक सांगतात. खाजगीपणाच्या दृष्टीने ही गोष्ट स्वागतार्हच आहे. पण काही मांडणींत हा क्रमांक काळाने बदलतो, आणि राउटरला तोच फोन नवा पाहुणा वाटून एकाच माणसाच्या नावे दोन नोंदी पडतात.

या रोगाचे लक्षण ठरलेले आहे: आधीपासून जोडलेल्यांचे सुरळीत चालते आणि नंतर येणाऱ्यालाच पत्ता मिळत नाही. उपाय दोन, आणि दोन्ही राउटरच्या पानावर एकाच ठिकाणी आहेत: वाटपाचा संच १० पासून २५० पर्यंत असा रुंदावावा आणि मुदत दोन तासांवर आणावी. त्यानंतरही चाळीत नेट मंद राहिले तर तो निराळा प्रश्न आहे. किती पत्ते वाटता येतात आणि किती उपकरणांशी राउटरचा रेडिओ एका वेळी नीट बोलू शकतो या मर्यादा भिन्न आहेत, व दुसरी मर्यादा संच वाढवून वाढत नाही.

नोंदवहीबाहेरच्या कब्जाचे प्रकार याच्या शेजारचे आहेत. कॅमेऱ्यांचे चित्रण साठविणारी डीव्हीआर पेटी बसविणारा कारागीर तिला हाताने एखादा पत्ता देऊन जातो, समजा १९२.१६८.१.११०, आणि तो वाटपाच्या संचातलाच असतो. राउटरच्या नोंदवहीत त्याची नोंद नसल्याने तो कधीतरी तोच पत्ता दुसऱ्या कोणास देतो, आणि मग कॅमेरे काही वेळ दिसतात, काही वेळ अदृश्य होतात. कारागिराने संचाबाहेरचा पत्ता द्यावा, किंवा त्याहून उत्तम म्हणजे राउटरच्या पानावर त्या पेटीच्या मॅक क्रमांकासमोर तो पत्ता राखून ठेवावा, म्हणजे कब्जा आणि नोंद एकाच ठिकाणी येतात. पुरवठादार बदलल्यावरही असाच घोटाळा होतो. जुन्या पेटीचा पत्ता १९२.१६८.१.१ असतो, जिओच्या घरगुती राउटरचा १९२.१६८.२९.१ असतो, जोडणी बदलली की फोन आणि दूरदर्शन संच निमूटपणे नवी मालिका घेतात, परंतु हाताने पत्ता दिलेले छपाई यंत्र आणि डीव्हीआर जुन्याच मालिकेत राहून सर्वांस दुरावतात. औद्योगिक क्षेत्रात नोकरी करणाऱ्यांच्या घरी आणखी एक प्रकार संभवतो: कारखान्यातील यंत्राच्या नियंत्रकाशी जोडणी करण्यासाठी लॅपटॉपला हाताने दिलेला पत्ता घरी परतल्यावर काढावयाचा राहतो, आणि तारेने जोडताच लॅपटॉप घराच्या जाळ्यात उपरा ठरतो. आणि कचेरीचे अंतर्गत जाळेही १९२.१६८.१ याच मालिकेत असेल, तर घरून व्हीपीएन जोडूनही कचेरीचा सर्व्हर सापडत नाही. यावर घराची मालिका १९२.१६८.७७ अशी एखादी अपरिचित करून टाकणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

तिसरी अट नोंदवही शाबूत असण्याची, आणि या किनाऱ्यावर तिचा शत्रू पाऊस. मे २०२१ मधील तौक्ते वादळासारखे प्रसंग सोडून दिले तरी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत वीज जाणे-येणे हा शिरस्ताच आहे. पुष्कळ घरगुती राउटर वाटलेल्या पत्त्यांची नोंद तात्पुरत्या स्मृतीत ठेवतात. वीज गेली की ती वही कोरी होते, पण बॅटरीवर जिवंत असलेले फोन आणि लॅपटॉप आपापला पत्ता विसरलेले नसतात. वीज परतल्यावर राउटर कोऱ्या वहीनिशी वाटप सुरू करतो आणि एकाच्या हाती असलेला पत्ता दुसऱ्यास देण्याचा संभव उत्पन्न होतो. चांगली उपकरणे पत्ता घेण्यापूर्वी तो कोणी वापरत नाही ना याची खातरजमा करून घेतात. सर्वच तशी दक्ष नसतात. अशा वेळी राउटरला हात न लावता त्या उपकरणाचेच वाय-फाय बंद करून पुन्हा चालू करणे, किंवा विंडोजमध्ये ‘रिलीज’ आणि ‘रिन्यू’ या आज्ञा देणे, पुरते. क्रमाचाही प्रश्न आहे: फायबरची पेटी जागी होऊन बाहेरच्या केंद्राशी संधान बांधावयास दोनतीन मिनिटे घेते, राउटर त्याआधीच जागा होऊन बाहेरचा पत्ता मागतो आणि कधी रिक्तहस्त राहतो, म्हणून आधी पेटी, तिचे दिवे स्थिर झाल्यावर राउटर, या क्रमाने चालू करावे. बारा व्होल्टचा लहान यूपीएस दोन्ही पेट्यांना लावला तर हा सारा प्रसंगच टळतो, आणि माझ्या मते पावसाळी गावात राउटरच्या पाठोपाठ विकत घेण्याची वस्तू तीच आहे. विजांच्या कडकडाटानंतर एखादे छिद्रच निकामी झालेले असू शकते, विशेषतः इमारतीतून तांब्याची तार येत असल्यास. काचेच्या तंतूतून विजेचा झटका वाहत नाही.

जाड भिंतींच्या जुन्या घरांत पत्ता न मिळण्याचे कारण दफ्तरात नसते, वाटेत असते. बिनतारी जाळ्यात एकास उद्देशून पाठविलेल्या संदेशाची पोच मागितली जाते व न मिळाल्यास तो पुन्हा पाठविला जातो. परंतु राउटर सर्वांना उद्देशून जे सोडतो त्याची पोच कोणीच देत नाही, आणि पत्त्याचा देकार काही प्रसंगी याच रीतीने येतो. परिणामी फोनवर संकेताच्या एकदोन रेघा दिसतात, जोडणी झाल्याचे दिसते, आणि देकार तेवढा भिंतीत गडप होतो. राउटरच्या खोलीत जाऊन पत्ता मिळतो का हे पाहणे ही येथील पहिली परीक्षा. दाट वस्तीत याच लक्षणाचे कारण गर्दी हे असते: २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात परस्परांवर न चढणाऱ्या वाहिन्या १, ६ आणि ११ या तीनच आहेत, आणि ५ गिगाहर्ट्झचा प्रशस्त पट्टा भारतात ऑक्टोबर २०१८ मध्ये परवान्यातून मोठ्या प्रमाणावर मोकळा झाला असला तरी त्याचा संकेत भिंतींपुढे लवकर हतबल होतो.

आता उंबरठ्याबाहेर. राउटरच्या पानावर वॅन या सदरात बाहेरचा पत्ता दिसतो; तो कोरा किंवा शून्ये असतील तर पुरवठादाराकडून पत्ता आलेला नाही, आणि जोडणी पीपीपीओई पद्धतीची असल्यास ग्राहकनाम व परवलीचा शब्द हे कारण असू शकते. तेथे १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा पत्ता दिसला तर तो दोष नाही. एप्रिल २०१२ मध्ये हे क्षेत्र पुरवठादारांच्या सामाईक वापरासाठी राखले गेले, आणि अशा जोडणीत अनेक ग्राहक मिळून एक सार्वजनिक पत्ता वापरतात. याचे मूळ दुर्भिक्षात आहे. जगाचा मध्यवर्ती साठा ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून संपला, १५ एप्रिल २०११ पासून आशिया-प्रशांत विभागाच्या नोंदणी संस्थेने शिधावाटप सुरू करून प्रत्येक संस्थेस जास्तीत जास्त १०२४ पत्ते देण्याचे ठरविले, आणि २०१९ मध्ये ही मर्यादा ५१२ वर आली; तेव्हा नंतर व्यवसायात उतरलेल्या तालुक्याच्या पुरवठादाराने हजारो घरांना प्रत्येकी एक सार्वजनिक पत्ता द्यावा ही अपेक्षा धरता येत नाही. घरातल्या व्यवहारास याने बाध येत नाही; बाहेरून घरात शिरण्यास येतो. मुंबईस कामाला गेलेल्या मुलाला पालघरच्या घरातील कॅमेरा पोर्ट उघडून पाहता येत नाही तो यामुळेच, आणि राउटरमध्ये कितीही फेरफार केले तरी तो दिसणार नाही; त्यासाठी कंपनीच्या मध्यस्थ सर्व्हरवरून चालणारा कॅमेरा घ्यावा, किंवा पुरवठादाराकडून स्थिर सार्वजनिक पत्ता विकत घ्यावा.

या दुर्भिक्षावरचा खरा उतारा म्हणजे एकशे अठ्ठावीस द्विमान अंकांची आवृत्ती ६, जिचा मसुदा १९९८ मध्ये झाला आणि जिच्या वापरात भारत आज जगातील अग्रेसर देशांपैकी एक आहे. तिच्यामुळे निदानात एक नवे लक्षण आले आहे, ते फारसे कोणास ठाऊक नाही. या आवृत्तीत उपकरण राउटरच्या घोषणेवरून आपला पत्ता स्वतःच रचू शकते, त्यास मुदतीच्या पट्ट्याची गरज नसते. म्हणून जुन्या आवृत्तीचा पत्ता मिळालेला नसतानाही नव्या आवृत्तीची वाट उघडी असू शकते, आणि मग यूट्यूब चालते, शोधयंत्र चालते, पण बँकेचे वा एखाद्या सरकारी खात्याचे संकेतस्थळ उघडत नाही. असे अर्धवट चालणारे नेट पाहून संकेतस्थळास बोल लावण्यापूर्वी फोनच्या तपशिलात चार आकड्यांचा जुना पत्ता आहे की नाही हे पाहावे.

राहिला प्रश्न राउटरच्या पाठीमागील टाचणीएवढ्या भोकाचा. ते दाबून धरले की राउटर कारखान्यातून आला तसा होतो, आणि त्याबरोबर पीपीपीओईचे ग्राहकनाम, परवलीचा शब्द, पुरवठादाराने घातलेला व्हीलॅन क्रमांक, राखून ठेवलेले पत्ते, सर्व नाहीसे होते. पत्त्याचा लहानसा तंटा मिटविण्यास निघालेला गृहस्थ शनिवारी सायंकाळी जोडणीच गमावून बसतो. हा उपाय शेवटचा आहे, आणि वरील सर्व मजकूर हाताशी लिहून ठेवल्याविना तो करूच नये. परंतु हा मजकूर ग्राहकाच्या हाती असतो कोठे? जोडणी करणारा मुलगा येतो, आपल्या फोनवरून पेटीच्या पानावर काही भरतो, वाय-फायचा परवलीचा शब्द तेवढा सांगतो आणि जातो. घराच्या जाळ्याचे सारे दस्तऐवज त्याच्या डोक्यात राहतात आणि तो नोकरी बदलतो तेव्हा त्याच्याबरोबर जातात. वीजमीटरचा क्रमांक आणि गॅसच्या जोडणीचे पुस्तक ज्या कपाटात असते त्याच कपाटात राउटरच्या पानाचे नाव व शब्द, पीपीपीओईची माहिती, व्हीलॅन क्रमांक, घराची मालिका आणि वाटपाचा संच लिहिलेला एक कागद असावा, आणि तो जोडणीच्या दिवशीच मागून घ्यावा. पेटी पुरवठादाराच्या मालकीची असेल व तिचे पान तो उघडू देत नसेल, तर निदान स्वतःच्या दुसऱ्या राउटरची तजवीज आपल्या हाती ठेवावी.

तक्रार करावयाची झाल्यास ती मोघम करू नये. ‘नेट बंद आहे’ या शब्दांऐवजी, राउटरला वॅनचा पत्ता अमुक वेळेपासून मिळालेला नाही, घरातील उपकरणांना पत्ते मिळत आहेत, असे सांगितले म्हणजे पलीकडच्या माणसाला राउटर बंद-चालू करावयास सांगण्याची सबब उरत नाही. गल्लीतील केबलवाला हा बहुधा परवानाधारक कंपनीचा वितरक असतो. त्यास केलेला फोन ही तक्रार नव्हे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ च्या विनियमांप्रमाणे तक्रार कंपनीच्या तक्रार केंद्रात नोंदवावयाची असते व तेथे तिचा क्रमांक मिळतो. ठरलेल्या मुदतीत निवारण न झाल्यास किंवा ते समाधानकारक न वाटल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे तीस दिवसांच्या आत दाद मागता येते, आणि त्या अर्जात तक्रारीचा क्रमांक व राउटरच्या पानाचे त्या वेळी घेतलेले चित्र ही दोन्ही जोडावीत.